चारातली एक डिस्क आली नाही

साशंक : सर, आधी एवढंच सांगा, मी दुसरी प्रत ठेवते कशासाठी? ८ टीबीच्या चार डिस्क घेतल्या, बटर-एफएस (बीटीआरएफएस) या फाइलसिस्टिमवर रेड-१ केलं. पैसे बत्तीसचे मोजले, जागा सोळाची मिळाली. हा दुप्पट खर्च एकाच दिवसासाठी असतो. ज्या दिवशी एक डिस्क जाईल त्या दिवशी काम अडू नये, बस. आणि नेमक्या त्याच दिवशी फाइलसिस्टिम म्हणते, मी माउंट होणार नाही. प्रत्येक फाइलची निदान एक प्रत उरलेल्या तिघींवर शाबूत आहे. तरी नाही. बरं, नाही तर नाही, कारण तरी धड सांगावं! माउंट म्हणतं : फाइलसिस्टिमचा प्रकार चुकला, किंवा ऑप्शन चुकला, किंवा सुपरब्लॉक खराब आहे, किंवा कोडपेज सापडत नाही, किंवा आणखी काही तरी बिघडलंय. पाच कारणं, त्यातलं फक्त पाचवं खरं. रात्री अडीच वाजता 'सुपरब्लॉक खराब' वाचून पोटात गोळा येतो, आणि पोटात गोळा आलेला माणूस टर्मिनलवर काय टाइप करील याचा नेम नाही.

हौशी : गोळा येऊ दे, हात तेवढे कीबोर्डवरून काढ. तुला दिसलं ते वाक्य फाइलसिस्टिमचं नाहीच. ते माउंट नावाच्या प्रोग्रॅमचं आहे. कर्नल त्याला परत देतं एक आकडा, आणि त्या आकड्याला लागू पडतील तेवढी कारणं तो ओळीनं म्हणून दाखवतो. नव्या मशिनवर तर कधी कधी 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' एवढंच म्हणतो. आपण माउंटपॉइंट पुन्हा पुन्हा तपासत बसतो, आणि ती बिचारी डिरेक्टरी जागेवरच असते. खरं काय झालं ते कर्नलच्या लॉगमध्ये, डीमेसेजमध्ये. तिथेही सगळे शेवटची ओळ वाचतात : 'ओपन सी-ट्री फेल्ड'. ती ओळ म्हणजे गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' शिक्का. कुठल्या विषयात दांडी उडाली ते वरच्या ओळींत असतं. तुझ्या लॉगमध्ये वर काय होतं?

साशंक : 'डेव्हआयडी ३, यूयूआयडी अमुकतमुक, मिसिंग.' त्याखाली 'चंक ट्री वाचता आली नाही, उणे दोन'. मग तुमचा शिक्का.

हौशी : म्हणजे अर्धा प्रश्न तिथेच सुटला होता. माउंट हा एका झटक्यात होणारा प्रकार नाही, तो जिना आहे. पहिली पायरी सुपरब्लॉक. तो प्रत्येक डिस्कवर सुरुवातीपासून ६४ केबीवर असतो. नकला ६४ एमबीवर, आणि डिस्क तेवढी मोठी असेल तर २५६ जीबीवर. माउंट करताना कर्नल पहिलाच वाचतं, नकला दुरुस्तीच्या हत्यारांसाठी. दुसरी पायरी चंक ट्री. बटर-एफएसमध्ये फाइलचा पत्ता हा कुठल्याच डिस्कवरचा पत्ता नसतो, तो गट नंबरासारखा असतो. गट नंबर सातबाऱ्यावर असतो, पण शेत नेमकं कुठल्या ओढ्याच्या कडेला आहे ते मोजणीचा नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही. तो नकाशा म्हणजे चंक ट्री. गंमत अशी, की नकाशासुद्धा त्याच जमिनीत पुरलेला आहे. म्हणून तो कुठे पुरलाय हे सांगणारी छोटी चिठ्ठी सुपरब्लॉकमध्येच खोचून ठेवलेली असते. या नकाशात डिस्कची यादीही असते, आणि यादीतली तिसरी हजर नाही म्हणून तुझी गाडी इथे अडली. तिसरी पायरी रूट ट्री आणि तिच्यापासून फुटणाऱ्या बाकीच्या ट्री. चौथी लॉग : फाइल 'एफसिंक' झाली पण पुढच्या कमिटच्या आधी वीज गेली, तर राहिलेलं पुन्हा लिहायचं. चार पायऱ्या, चार वेगळे आजार. लोक मात्र चौघांवर एकच गोळी देतात. लॉग पुसायची आज्ञा चौथ्या पायरीवरच्या अडचणीसाठी आहे, दुसऱ्या पायरीवर अडलेला माणूस ती देतो आणि वर म्हणतो, गुण आला नाही.

साशंक : पायऱ्या पटल्या. पण तुम्ही मला आजाराचं नाव सांगितलंत; माझी तक्रार डॉक्टरच्या वागण्याबद्दल आहे. डिस्क ३ नाही, हे कर्नलला कळलं. बाकीच्यांवर सगळं आहे, हेही त्याला कळतं. मग उघडायला हरकत कसली? जुनं एमडी रेड घ्या. बूट होताना ३० सेकंद वाट बघतं, चौथी आली नाही तर तिघींवर चालू होतं. झेडएफएस घ्या. प्रती पुरेशा असतील तर पूल इम्पोर्ट होतो, स्थिती तेवढी डिग्रेडेड दाखवतो. हीच एक बाई हमीपत्र मागते : माउंटला 'डिग्रेडेड' असा ऑप्शन लिहून द्या, मग बघू. आणि तो लिहून द्यायला माणूस जागेवर लागतो. मग ते रेड कसलं? घराला दोन दारं केली, पण दुसऱ्या दाराची किल्ली परगावच्या मामाकडे.

हौशी : 'नाही' आणि 'अजून आली नाही' यांतला फरक त्या क्षणी कर्नलला सांगता येत नाही, हा माझा मुद्दा. बटर-एफएस स्वतः डिस्क शोधायला बाहेर पडत नाही. कुणी तरी तिला ओळख करून द्यावी लागते. यूडेव्ह देतो, नाही तर आपण 'बीटीआरएफएस डिव्हाइस स्कॅन' चालवतो. इनिटरॅमएफएसमध्ये ती सोय राहून गेली असेल, तर चारही डिस्क ठणठणीत असून तीन गैरहजर दिसतात. लोक तेवढ्यावरून नव्या डिस्कची ऑर्डर देऊन मोकळे होतात. आधी स्कॅन, मग शोक! शिवाय मोठ्या पेटीत डिस्क एकदम फिरत नाहीत, वीज एकदम ओढू नये म्हणून एकीमागून एक फिरवतात. चौथी पाच सेकंद उशिरा आली, तेवढ्यात तू तिघींवर लिहायला सुरुवात केलीस. आता चौथी आली. ती जुनी आहे. तिच्यावरचं काय बदलायला हवं याची यादी कुणाकडेच नाही.

साशंक : चेकसम आहेत ना? तुमच्या बटर-एफएसचा पहिला तोराच तो.

हौशी : आहेत. ज्या फाइलींना आहेत त्यांचं निभावतं. वाचताना जुनी प्रत पकडली जाते, दुसऱ्या डिस्कवरची बरोबर प्रत घेतली जाते, जुनी दुरुस्तही होते. पण व्हर्च्युअल मशिनच्या इमेज आणि डेटाबेस? वेग राहावा म्हणून त्या फाइलींवर आपणच 'नोडेटाकाउ' लावतो, आणि ते लावलं की चेकसम बंद. मग दोन प्रती, एक आजची, एक परवाची, आणि खरी कुठली हे ठरवायला पुरावा नाही. त्यातही वाचताना कुठली प्रत घ्यायची हे नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रोसेसच्या नंबरावरून ठरतं. म्हणजे एका प्रोग्रॅमला आजचा डेटाबेस दिसेल, शेजारच्याला परवाचा. दोघांनाही एरर नाही! हे मी एका मशिनवर पाहिलंय. तारीख तीच, टेबल तेच, एका खिडकीत शेवटची पावती ११८, दुसरीत १०४. तासभर मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होतो. तेव्हापासून तिचा नकार मला आडमुठेपणा वाटत नाही.

साशंक : सर, तुम्ही आत्ता स्वतःच्या वकिलीत माझा खटला जिंकून दिलात. एमडी हे का करू शकतं? प्रत्येक डिस्कवर घटनांचा आकडा असतो. मागे राहिलेली डिस्क परत आली तर ते तिला आत घेत नाही, आणि बिटमॅप असला तर जेवढं बदललं तेवढंच पुन्हा लिहून घेतं. झेडएफएस कुठल्या काळात कुठली डिस्क गैरहजर होती याची नोंद ठेवतं आणि ती परत आली की तेवढा काळ आपणहून भरून काढतं. बटर-एफएसला यातलं काही येत नाही, म्हणून ती दार लावून बसते. मग 'डेटाची काळजी' वगैरे नका म्हणू. ही उणीव आहे. तुम्ही तिला तत्त्वाचं सोवळं नेसवताय.

हौशी : उणीव आहे, मान्य. पण उणीव ओळखून थांबणं हेही काही तरी आहे की नाही? चष्मा फुटलेला ड्रायव्हर म्हणाला, मी आज गाडी काढत नाही, तर तू त्याला दोष देशील?

साशंक : तो एसटीचा ड्रायव्हर असेल, फलाटावर चाळीस माणसं उभी असतील आणि चष्मा २००९ पासून फुटलेला असेल, तर देईन.

(दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट माझ्या कानाला लागली. 'डिग्रेडेड'चा अर्थ ती 'लंगडी' घेत होती आणि तो 'अपुरी'. लंगडी चालते. अपुरी आधी पुरी व्हावी लागते. भांडण बरंचसं या दोन शब्दांत आहे, आणि कोशात बघून ते मिटणारं नाही.)

हौशी : २००९ हा टोला बरोबर बसला. ओरॅकलमध्ये ख्रिस मेसननं २००७ला हे सुरू केलं, कर्नल २.६.२९मध्ये २००९ला ते आलं, आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट झाली नाही. माझ्याकडे उत्तर नाही.

साशंक : उत्तर बाजारानं दिलंय, तेही दोन प्रकारचं. रेड हॅटनं २०१७ला बटर-एफएस मोडीत काढायचं जाहीर केलं आणि आठव्या आवृत्तीतून ती वगळली. त्याच घरातल्या फेडोरानं २०२०च्या तेहेतिसाव्या आवृत्तीत डेस्कटॉपसाठी तीच मुख्य केली. म्हणजे एक डिस्क असलेल्या लॅपटॉपला चालेल, चार डिस्कच्या सर्व्हरला नको, असाच अर्थ मी घेते. पण ते सोडा. मी तुमच्या नियमानं वागायला तयार होते. एफएसटॅबमध्ये 'डिग्रेडेड' लिहून ठेवलं होतं. हमीपत्र आगाऊ दिलं! तरी मशिन उठलं नाही. का? यूडेव्हचा एक नियम आहे : सगळ्या डिस्क आल्याशिवाय सिस्टिमडीला 'तयार' म्हणायचं नाही. सिस्टिमडी ९० सेकंद वाट बघतो, मग माउंटची आज्ञा देण्याआधीच हात टेकतो. माझा 'डिग्रेडेड' कुणी वाचलाच नाही. पुढे इमर्जन्सी मोड, आणि तिथे संदेश : रूटचं खातं लॉक आहे म्हणून कन्सोल उघडता येत नाही. एक दार लावलेलं, दुसऱ्याची किल्ली पहिल्याच्या आत. आणि जुन्या कर्नलवर याहून भारी खोडा होता, ४.१४च्या आधी. दोन डिस्कचं रेड-१, एक गेली, तुम्ही 'डिग्रेडेड' म्हणून लिहायला उघडलंत, की नवं लिखाण एकेरी प्रतीत जायचं. बंद करून पुन्हा उघडायला गेलात, तर एकेरी प्रत आहे आणि एक डिस्क नाही, म्हणून लिहायला देणारच नाही, नुसतं वाचा. एकच संधी मिळायची, आणि ती एकच आहे हे ती वापरून झाल्यावर कळायचं. नकाराचं एवढं कौतुक करता, तर नकार देणाऱ्यानं अटी तरी आधी सांगाव्यात.

हौशी : त्या खोड्यात मीही पाय घातलाय. २०१७च्या ४.१४नं तो काढला. एकेक चंक तपासून मग ठरवायला लागले. एकेरी लिखाण दोन डिस्कवर आजही होतं, नंतर ते बॅलन्स करून पुन्हा दुहेरी करावं लागतं, आणि ते करायचं राहून जातं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण मी नकाराचं कौतुक करतो ते दुसऱ्याच कारणानं. त्यानं वेळ मिळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या पेटीत हेच झालं. दिवसातून चारदा वीज जात होती, इन्व्हर्टर दमला होता. सकाळी बघतो तर चारातली एक नाही. मी काहीही टाइप केलं नाही. चहा केला. पेटी बंद करून उघडली. त्या डिस्कच्या साटा केबलच्या टोकाला पत्र्याची बारीक क्लिप असते ना, ती तुटलेली होती आणि पंख्याच्या थरथरीनं प्लग केसभर तिरका झाला होता. दुसरी केबल लावली, डिस्क दिसली. मग स्मार्टचे आकडे काढले. रिॲलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, आणि यूडीएमए सीआरसी एरर मात्र भरपूर. म्हणजे तबकडी बरी आहे, मधली वाट खराब होती. चारही डिस्क लावून माउंट केलं, झालं. मध्ये कुणी काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून जुनी-नवी हा प्रश्न आला नाही. ती रात्री आपणहून तिघींवर चालू झाली असती, तर सकाळी माझ्याकडे एक मागासलेली डिस्क असती, तीही साठ रुपयांच्या केबलपायी.

साशंक : घर आहे तुमचं. चहा करायला वेळ होता.

हौशी : होता. आणि वेळ नव्हता तिथे काय होतं तेही पाहिलंय. ओळखीतल्या एकानं अशाच सैल केबलवर 'चेक रिपेअर' चालवलं. बटर-एफएसमध्ये एफएससीके नावाला आहे, ती मुद्दाम काहीच करत नाही. खरं हत्यार वेगळं, आणि ते चालवलं की आधी बजावतं : जाणकारानं सांगितल्याशिवाय हे करू नका. मग दहा सेकंद उलटे मोजतं. दहा सेकंदांत चहासुद्धा ढवळून होत नाही. त्याच्याकडे आधी काही ब्लॉक वाचता येत नव्हते. रिपेअरनंतर ते नव्हतेच.

साशंक : ठीक, गैरहजर डिस्कपुरतं तुमचं थोडं ऐकते. आता दुसरी केस घ्या. चारही डिस्क हजर, केबली नव्या, स्मार्ट साफ. वीज गेली, आली, आणि माउंट होत नाही. लॉगमध्ये : 'पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड, हवी ४८२१३, सापडली ४८२०९.' तुमच्या जिन्याची तिसरी पायरी. इथे कुणी उशिरा येणारं नाही. एका ब्लॉकची पिढी चारनं मागे, तर सगळे सोळा टीबी बंद. याच जागी ईएक्सटी-४ असती तर एफएससीके चालली असती, काही फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नंबर लावून पडल्या असत्या, आणि सात वाजता लोक कामाला लागले असते.

हौशी : या ओळीचा अर्थ आधी बघ. बटर-एफएस मेटाडेटा जुन्यावर कधी लिहीत नाही. नवी पानं नव्या जागी लिहिते, ती डिस्कवर पोचली याची खात्री मागते, आणि मग सुपरब्लॉकमधलं बोट नव्या मुळाकडे वळवते. हे साधारण दर ३० सेकंदांनी. मध्ये कधीही वीज गेली तरी बोट जुन्या मुळाकडे असतं आणि जुनं झाड उभं असतं. मग ४८२१३ हवी आणि ४८२०९ सापडली, हे घडलंच कसं? कुणी तरी 'पोचलं' म्हणून खोटं सांगितलं. डिस्कच्या कॅशनं, नाही तर मधल्या चिपनं. डिस्क कशात होत्या?

साशंक : यूएसबीच्या पेटीत. चारही.

हौशी : एकाच पेटीत, एकाच ब्रिज चिपमागे. म्हणजे प्रती दोन, पण खोटं बोलणारा एकच. रेड-१ अशा वेळी काय करणार? दोन साक्षीदार एकाच वकिलानं पढवलेले! ईएक्सटी-४नंही त्याच चिपवर विश्वास ठेवला असता. फरक इतकाच, की तिला खोटं पकडता आलं नसतं. मेटाडेटाला तिच्याकडे चेकसम असतात, पण तुझ्या फाइलींच्या आतल्या मजकुराला नाहीत. सात वाजता लोक कामाला लागले असते, खरं आहे. कशावर लागले असते?

साशंक : बहुतेक बरोबर फाइलींवर. एखादी चुकीची निघाली असती, तिची बोंब झाली असती, ती मी बॅकअपमधून काढून दिली असती. तुम्ही 'एक चूक' आणि 'सगळं बंद' यांत दुसरं निवडताय, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणताय. मला या फाइलसिस्टिमकडून तिसरी गोष्ट हवी आहे : जेवढं खात्रीचं आहे तेवढं आपणहून उघड, नुसतं वाचायला. लिहायचं बंद. एक डिस्क नसो नाही तर एक फांदी सडलेली असो, लोकांना निदान वाचता येईल.

हौशी : तशी दारं आहेत, पण आपणहून उघडत नाहीत. सुपरब्लॉकमध्ये मागच्या चार मुळांचे पत्ते असतात, 'यूजबॅकअपरूट' दिलं की ते चाचपतं. कधी लागतं, कधी त्या जुन्या झाडाची पानं तोवर दुसऱ्यानं वापरलेली असतात. 'रेस्क्यू'चे ऑप्शन आहेत, ते नुसतं वाचायला उघडतात आणि तुटलेल्या फांद्या ओलांडून जातात. आणि कशानंच उघडली नाही तर 'बीटीआरएफएस रिस्टोर' माउंट न करताच फाइली उपसून दुसऱ्या डिस्कवर टाकतं. क्रम मात्र पाळायचा : आधी काहीच न लिहिणारी हत्यारं, लिहिणारी सगळ्यात शेवटी. आता तुझं 'नुसतं वाचायला'. तुला वाटतं, 'आरओ' म्हटलं की डिस्कवर काही लिहिलं जात नाही?

साशंक : तोच तर अर्थ आहे.

हौशी : चौथी पायरी विसरलीस. लॉग शिल्लक असेल तर 'आरओ' माउंटसुद्धा आधी तो डिस्कवर उतरवतं. खरोखर हात लावायचा नसेल तर 'नोलॉगरिप्ले' वेगळं सांगावं लागतं. तू आपोआप नुसतं वाचायला उघडलेली फाइलसिस्टिम रात्रीतच एकदा लिहून मोकळी झाली असती.

साशंक : (थांबून) म्हणजे 'वाचते' म्हणणारीही लिहिते. हे मला माहीत नव्हतं. पण यानं माझं म्हणणं खोटं पडत नाही, आणखी बिकट होतं. तुमच्याकडे सुरक्षित असं दारच नाही, म्हणून तुम्ही सगळी दारं लावता. बरं, मी आता काय केलंय ते सांगते. सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर. चार डिस्कचा हा गठ्ठा फक्त डेटासाठी, आणि एफएसटॅबमध्ये 'नोफेल'. तो माउंट झाला नाही तरी मशिन उठतं, नेटवर्क येतं, एसएसएचनं मी आत येते आणि डोकं ताळ्यावर ठेवून ठरवते. फाइलसिस्टिमशी भांडण मिटलं. ती तिचा नकार घेऊन बसू दे, मशिननं तिच्यासाठी थांबायचं नाही.

हौशी : चांगली मांडणी आहे. मीही तीच सांगतो. मग डेटाची डिरेक्टरी माउंट नसताना काय दिसते?

साशंक : रिकामी.

हौशी : आणि रात्री दोनला तुझं आरसिंक त्या डिरेक्टरीची नक्कल दुसऱ्या इमारतीत करतं. 'डिलीट' लावलेलं आहे?

साशंक : आहे. होतं.

हौशी : होतं?

साशंक : महिन्याभरापूर्वी काढलं. त्याला कारण घडलं. वाचलं ते दुसऱ्या इमारतीतल्या स्नॅपशॉटमुळे, माझ्या शहाणपणामुळे नाही. रात्री दोनला स्क्रिप्टनं पाहिलं, मूळ जागा रिकामी आहे, मग नक्कलही रिकामी हवी. तिनं आज्ञा तंतोतंत पाळली. तासाभरात सोळा वर्षांची छायाचित्रं, पावत्या, नकाशे, सगळं. एरर एकही नाही. आता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'माउंटपॉइंट' तपासते, नसेल तर तिथेच बाहेर. आणि खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला 'चॅटर'नं आय लावलाय, म्हणजे माउंट नसताना कुणी तिच्यात लिहू शकत नाही.

हौशी : म्हणजे फाइलसिस्टिमकडून काढून घेतलेला नकार तू स्क्रिप्टला दिलास.

साशंक : स्क्रिप्ट मी लिहिलीय. तिचा नकार मला मेलनं कळतो, एका वाक्यात, आणि ते वाक्य खरं असतं. हा फरक लहान नाही, सर.

हौशी : नाही, लहान नाही. बरं, ती डेव्हआयडी ३, तिचं पुढे काय झालं?

साशंक : ती खरंच गेली होती. मधूनमधून क्लिक वाजायची. नवी डिस्क लावून 'रिप्लेस' केलं, सव्वा दिवस चाललं. जुनी ड्रॉवरमध्ये आहे, चिकटपट्टीवर लिहिलंय : 'जोडू नये', खाली तारीख.

हौशी : पुसून टाक ती. ती गैरहजर असताना रिप्लेस केलंस, म्हणजे तिच्यावरचा सुपरब्लॉक अजून जिवंत आहे. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी तोच, डेव्हआयडीही नव्या डिस्कचा तोच. उद्या कुणी तरी मोकळी डिस्क दिसली म्हणून त्याच मशिनला लावील. आताचं कर्नल पिढी बघून जुनीला बाजूला सारतं, पण तुमच्याकडे अजून कुठलं जुनं कर्नल चालतं ते तुलाच ठाऊक. 'वाइपएफएस' चालव, पाच सेकंदांचं काम.

साशंक : स्क्रब चालू आहे. सोळा टीबीच्या दोन्ही प्रती वाचून होईपर्यंत उद्या दुपार होईल. तोवर पुसणार नाही.

हौशी : अगं, एकटी ती काय कामाची? चारातली एक. एकटी माउंट होणार नाही, तिघी पुढे गेल्यात, त्यांच्याशी तिची पिढी जुळत नाही. स्क्रबमध्ये काही खराब निघालं तरी तिच्यातून तुला काय काढता येणार?

साशंक : माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

हौशी : मग?

साशंक : मग उद्या दुपारी बघू. तोवर ती ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे.